बिनगोळीचा बार

संस्थानं होती तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांना 19 तोफांची सलामी असे, सांगलीच्या राजेसाहेबांना 9 तोफांची, आणि मिरजकरांना एकाही तोफेची नसे. सांगलीकर आणि मिरजकर दोघेही पटवर्धन. 1801 च्या सुमाराला चिंतामणराव आप्पासाहेब चुलत्याशी पटेना म्हणून मिरजेतून निघाले आणि तीनेक कोसांवर कृष्णाकाठी येऊन राहिले, एवढाच काय तो दोन गाद्यांमधला फरक. पण पुढे साहेबानं मानापानाचा तक्ता मांडला, तेव्हा रुसून निघालेल्याच्या नावावर नऊ धमाके पडले आणि घर धरून राहिलेल्याच्या नावावर शांतता. आमचं विश्रामबाग या दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर. विलिंग्डन कॉलेज 1919 साली इथे सुरू झालं. त्याच्या आवारातून संध्याकाळी चालताना मला त्या वेळचा एखादा विद्यार्थी दिसू लागतो. पश्चिमेकडून धडाम्, धडाम् येतंय, तो धोतराचा सोगा सावरून बोटांवर मोजतोय, नऊ झाल्यावर थांबतो आणि मग न राहवून पूर्वेकडे कान देतो. पूर्वेकडून आली तर सतारमेकर गल्लीतून तार जुळवल्याची एखादी अस्पष्ट कुणकुण यायची. सांगलीला दहावा बार चुकून उडाला असता, तर रेसिडेंटसाहेबाला खुलासा पाठवावा लागला असता. आणि आठच उडाले असते, तर राजेसाहेबांना रात्रभर डोळा लागला नसता.

सलामीच्या तोफेत दारू असते, गोळा नसतो. ही चाल म्हणे जहाजांवरून आली. परक्या बंदरात शिरताना जहाज आपल्या तोफा समुद्राच्या दिशेनं उडवून टाकी. अर्थ असा, की आता आमच्या नळ्या रिकाम्या आहेत, त्या पुन्हा भरायला बराच वेळ लागेल, तोवर आपण मित्र. तोफ भरायला वेळ लागतो या एवढ्याशा गैरसोयीवर केवढी सभ्यता उभी राहिली! पुढे शहाण्या लोकांनी एका चापात दहा-दहा गोळ्या सुटतील अशी सोय केली, आणि मैत्रीला म्हणून जी थोडी उसंत मिळत होती तीही गेली.

ती उसंत मी डोळ्यांनी पाहिली आहे, सिंधुदुर्गात, आत्याच्या घरी. आत्याच्या यजमानांकडे, म्हणजे आमच्या काकांकडे, ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि वानरांपासून शेती-बागायत राखायला कोकणात अशा बंदुकांचे परवाने मिळतात, आणि काकांच्या घरी तो सातबाऱ्याच्या शेजारीच, त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असे. वानरं आली अशी आरोळी उठली, की काका आधी चष्मा शोधत. मग ओटीवर पाट घेत. दारूची शिंगडी, काथ्याचा बोळा, लोखंडी गज, केपांची डबी असा सगळा संभार पूजेसारखा मांडून होईपर्यंत वानरं समोरच्या फणसावर येऊन बसलेली असत आणि हा सोहळा मन लावून बघत. नळीत दारू ओतली जाई तेव्हा ती जागची हलत नसत. गजानं बोळा ठासायला सुरुवात झाली, की एखादं पिल्लू आईच्या पोटाला बिलगे. शेवटी घोड्याखाली केप बसली, की म्हातारा हुप्प्या उठे, अंग झाडे आणि आपलं लटांबर घेऊन शेजाऱ्याच्या माडात निघून जाई. मग काका अंगणाच्या टोकाला जाऊन, आभाळाकडे नळी करून बार काढत. गावभर आवाज जाई. छर्रे त्यात नसतच. वानर मारायला कायद्याची बंदी, पण काकांची अडचण कायद्याच्या अलीकडची होती. शनिवारी मारुतीला तेल घालायला जायचं असे, आणि तिथे काय तोंड दाखवणार?

निवडणूक लागली, की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. काका ती मेणकापडात गुंडाळून एसटीनं घेऊन जात आणि पावती छातीच्या खिशात ठेवत. घरी आले की अस्वस्थ. ठाण्याच्या भिंतीला ओल आहे, कुणी तेलाचं बोट तरी फिरवेल का, आपल्या बंदुकीवर दुसऱ्याची टेकवून ठेवली असेल का. राज्यात कोण निवडून येणार याची त्यांना काडीची फिकीर नसे. निकाल लवकर लागावा एवढंच त्यांचं मागणं. इकडे बागेत वानरांनी धुमाकूळ मांडलेला असे. "आचारसंहिता माणसांक, वानरांक नाय," असं ते खिन्नपणे म्हणत. लोकशाहीवरची इतकी अचूक टीका मी नंतर कुठल्या अग्रलेखात वाचली नाही.

काळ्या दारूचं एक बरं असतं, ती काही लपवून ठेवत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा जळला, की त्यातला अर्ध्याहून अधिक भाग वायू होतच नाही, घन कण होऊन राहतो. म्हणून तो धूर इतका दाट, पांढरा आणि रेंगाळणारा. बार काढल्यावर काका काही क्षण नाहीसे होत आणि मग हळूहळू, पायांकडून वर, पुन्हा दिसू लागत. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएई नावाच्या रसायनज्ञानं बिनधुराची दारू शोधून काढली आणि सैन्यांची सोय झाली. पण काळी दारू नळीत जी काजळी सोडते ती हवेतला ओलावा ओढून घेते, आणि रात्रभर तशीच राहिली तर सकाळी लोखंड खाल्लेलं असतं. म्हणून एका बाराचा मोबदला असा, की त्याच दिवशी बंदुकीला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, पुसायचं, सुकवायचं, तेल लावायचं. काकांच्या घरी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा मान मुलांचा असे, पण तेवढ्या निगुतीनं न्हाणं वर्षभर फक्त बंदुकीला मिळे. आवाज क्षणाचा. आधीचा अर्धा तास भरण्यात आणि नंतरचा तास धुण्यात. ओटीवर बसून हे बघताना मला कधी वाटलं नाही, की काकांना आवाजाची आवड आहे. त्यांना भरण्याची आवड होती. आवाज हे निमित्त.

त्यांचा मुलगा, माझा आतेभाऊ, आता अमेरिकेत इंडियाना राज्यात असतो. तिथे फ्रेंडशिप नावाचं एक खेडं आहे. मैत्रीच्या नावाच्या या गावात अमेरिकेतल्या ठासणीच्या बंदूकवाल्यांचा मेळा भरतो. त्यांची राष्ट्रीय संघटना 1933 सालची आहे. माणसं कातड्याचे झगे आणि झुबकेदार टोप्या घालून येतात, तंबू ठोकतात, शिंगातून दारू ओततात, गजानं ठासतात आणि कागदी ठिपक्यावर बार काढून पुन्हा धुराआड होतात. आतेभावानं व्हिडिओवर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आत्या पलीकडून म्हणाली, "अगो बाई, एवढ्या लांब जाऊन हेच?" तिला वाटलं होतं, बंदूक सुटली एकदाची.

सुटायची राहिली, वाढली. ठासणीच्या जोडीला त्यानं काडतुसं भरायचा छंद धरला. उडालेल्या काडतुसांची पितळी टरफलं गोळा करायची, धुवायची, दाबयंत्रात घालून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी. दारूचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. आपली गुंज दोन ग्रेनला जराशी कमी पडते. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर पूर्वी लाल-काळ्या गुंजांनी सोनं तोलत, तसाच हा गॅरेजात खाली मान घालून, श्वास रोखून, चिमटीनं दारू तोलत बसलेला असतो. (आपल्याकडे परवान्यावाचून असं घरी भरायला बसलं, तर 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे पुढचा पाहुणचार सरकारी होतो.) हे सगळं कशासाठी, तर बचतीसाठी. विकतच्यापेक्षा घरचं स्वस्त पडतं. त्याच्या बायकोनं एकदा कागद घेऊन हिशेब मांडला, तेव्हा दर काडतुसामागे खरोखरच बचत निघाली. फक्त स्वस्त पडतात म्हणून काडतुसं तिप्पट उडत होती, आणि दाबयंत्र, काटा, साचे, कपाट यांचे पैसे भरून यायला उरलेला जन्म पुरेसा होता की नाही याबद्दल नवराबायकोत मतभेद होते. तो कागद तिनं फ्रिजवर लावला. त्यानं त्यावर चुंबकाच्या जागी एक रिकामं टरफल चिकटवलं. लग्न टिकलं आहे.

नेमबाजी म्हणून ज्याला म्हणतात ती ही नव्हे, हे त्यालाही ठाऊक आहे. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हा आतेभावाचा फोन आला. कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. शरीर असं स्तब्ध, की त्याच्या छातीतला ठोका बघणाऱ्यालाच ऐकू यावा. आतेभाऊ थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "दादा, ही माणसं वेगळ्या जातीची रे. आपण नुसते भरणारे." मला बरं वाटलं, कारण "आपण" त्यानं सहज म्हटलं होतं आणि माझ्याकडे बंदूक नाही. माझ्याकडे मामाची बुलेट आहे.

पण त्याचं चुकलं नव्हतं. मोटारसायकल म्हणजे गोळी परत येणारी बंदूक. नळी आहे, तिच्यात घट्ट बसणारा गोळा आहे, दारू आहे, ठिणगी आहे. फरक एवढाच, की गोळ्याला दांडा बांधून ठेवल्यामुळे तो उडतो आणि मुकाट्यानं जागेवर येतो. हे माझं डोकं नव्हे. 1673 साली, म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेक व्हायच्या आदल्या वर्षी, क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं पॅरिसमध्ये काळ्या दारूवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. उभ्या नळकांड्याच्या तळाशी चिमूटभर दारू पेटवायची, तापलेली हवा चामड्याच्या पडद्यांतून बाहेर घालवायची, आत उरलेलं निवलं की पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली ढकलते. त्या ढकलण्यावर वजन उचलायचं. कल्पना झकास होती. मोडली कशावर, तर प्रत्येक वेळी पुन्हा दारू भरायची कुणी? यंत्र एकदा उडून थांबायचं आणि काकांसारखी वाट बघायची. ते कोडं सुटायला दोनशे वर्षं गेली. काळ्या दारूच्या जागी इंधनाची वाफ आली आणि भरणाऱ्याच्या जागी कार्बोरेटर. वानरं निघून जातील ही धास्ती न बाळगता, चष्मा न शोधता, अहोरात्र भरत राहणारा कारकून.

बुलेटच्या घराण्यात तर हे रक्तातच आहे. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या या कारखान्यानं एन्फिल्डच्या सरकारी शस्त्रशाळेला बंदुकीचे सुटे भाग पुरवले, त्यावरून नाव घेतलं. 1901 मध्ये पहिली मोटारसायकल काढली. बिल्ल्यावर तोफ घातली आणि आमची गाडी बंदुकीसारखी घडवलेली आहे अशी जाहिरात केली. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत बुलेट आली. 1955 पासून ती मद्रासला जुळू लागली. इंग्लंडातला कारखाना पुढे बंद पडला आणि इथली गाडी मात्र डेअरीच्या किटल्या, नवऱ्यामुलाची वरात आणि फौजदाराचं वजन वाहत राहिली. आता हिशेब करा. हे चारफेरी इंजिन, दोन आवर्तनांत एकदा पेटणारं. विश्रामबागेतून मिरजेला सावकाश दहा मिनिटं. इंजिन मिनिटाला अडीच हजार फिरलं, तर साडेबारा हजार बार होतात. राजेसाहेबांना 9. पहाटे बुलेटवरून दूध घालत जाणाऱ्या गवळ्याला साडेबारा हजार, आणि परत येताना तेवढेच. आणि त्याच्या नावानं बोटं मोजत उभं राहायला कुणी नाही.

माझी बुलेट मामाची. मामा वर्कशॉपात नोकरीला होता आणि लोखंडाशी अहोजाहो करून बोलावं इतका त्याला लोखंडाचा आदर. कार्बोरेटरनं भरण्याचं काम काढून घेतलं, याचं त्याला मनातून वाईट वाटत असावं, कारण ते काम तो इतर वाटांनी परत मिळवी. गाडी सुरू करणं हा त्याचा ओटीवरचा पाट. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरच्या डोक्यावरचं बटण दाबून थेंब पाझरेपर्यंत थांबायचं. मग चावी, मग किक हलकेच दाबत अँपिअरच्या काट्याकडे बघायचं. काटा मधोमध आला की दट्ट्या वर आला. डाव्या हातानं डीकंप्रेसरचा खटका ओढून किक तसूभर पुढे सरकवायची, खटका सोडायचा, एक श्वास घ्यायचा आणि उभं राहून अंगाचा भार टाकायचा. घाई केली तर किक उलटून नडगीवर येई. आमच्या गल्लीत नडगीवरून बुलेटवाला ओळखता येई. मामी पर्स घेऊन दारात उभी. तिच्या डोळ्यांत मला त्या फणसावरच्या म्हाताऱ्या हुप्प्याची ओळख पटायची. एका मर्यादेपलीकडे तीही उठे आणि कोपऱ्यावरून रिक्षा करून भावजयीकडे निघून जाई.

रविवार तर उघडाच पडलेला असे. वर्तमानपत्रावर प्लग, टॅपेटचं झाकण, पाने, चिंध्या. गाडी बिघडलेली नसे. मामा ती "ऐकायला" उघडी. टॅपेटच्या फटीत पातीचं माप सरकवताना तो जीभ दातांत धरी, तशीच जीभ मी पुढे इंडियानाच्या गॅरेजात पडद्यावर पाहिली. शेजारचे पेन्शनर खुर्च्या घेऊन येत. एक जण सदैव म्हणे, की आवाज थोडा डावीकडून येतोय. एका नळकांड्याच्या इंजिनाला डावं-उजवं कुठून आणायचं हे त्याला कुणीच विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गाडी होती तशी होई आणि मंडळी समाधानानं उठत. खंडेनवमीला मात्र तिचा थाट. आपल्याकडे त्या दिवशी शस्त्रं पुजतात, आणि शस्त्र म्हणजे ज्यावर घर चालतं ते, अशी उदार व्याख्या असल्यानं विळी, शिवणयंत्र, पाने-पक्कड आणि मोटारसायकल एका पाटाभोवती येतात. तिकडे काकांची बंदूक, इकडे मामाची बुलेट, दोघींच्या नळीला झेंडू. बिल्ल्यावरच्या तोफेला मामी न चुकता कुंकू लावी. लावताना पुटपुटे काय, ते मामानं कधी विचारलं नाही.

आताच्या पोरांना भरण्याचा कंटाळा आणि आवाज तर हवा. गाडी बटणावर सुरू होते. मग ती सायलेन्सर बदलून घेतात, आणि भर शंभर फुटी रस्त्यावर चावी बंद-चालू करून न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये फोडतात. फटाक्! पोलीस असे सायलेन्सर जप्त करतात आणि मग फोटोग्राफर बोलावून ते रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. मला त्या पोरांचा राग येतो. पण तो फार वेळ टिकत नाही, कारण तो फटाका ऐकल्यावर आधी दचकलेलं मन लगेच म्हणतं, मिश्रण जास्त झालंय.

भरण्याचा खरा नाद बघायचा, तर दसऱ्याच्या रात्री कवठे एकंदला जावं. विश्रामबागेतून माधवनगर, बुधगाव, कवलापूर करत तासगाव रस्त्यानं गेलं की द्राक्षबागांच्या मुलखात हे गाव आहे. विजयादशमीला सिद्धराजाची पालखी निघते, आणि गाव तिच्यासमोर शोभेची दारू उडवतं. विकत आणून नव्हे. घरी केलेली, पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली. ज्या हातांनी द्राक्षाची विरळणी होते, बेदाणा चाळला जातो, तेच हात दसऱ्याआधी कोळसा कुटतात. मंडळं आपापली दारू एकमेकांपासून झाकून ठेवतात. मग त्या एका रात्री आकाशात औट चढतात, फुटतात, रंग बदलतात, झाडं पेटतात, चक्रं फिरतात, आणि पालखी धुरातून इंचाइंचानं पुढे सरकते. समोरचा माणूस दिसत नाही, पण सगळे सगळ्यांना ओळखतात. या दारूनं माणसंही नेली आहेत. 2015 च्या मे महिन्यात गावाजवळच्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामावरची माणसं गेली, त्यात बायकाही होत्या. त्यानंतरच्या दसऱ्यांना मी आकाशाकडे बघतो तसा बघणाऱ्यांकडेही बघतो. औट चढताना गावातल्या वयस्क बायका वर बघत नाहीत. त्या लावणाऱ्या पोराच्या हाताकडे बघतात, आणि तो मागे पळत येऊन गर्दीत शिरला की मगच मान वर करतात. तोवर रंग बहुधा विझलेला असतो.

आतेभाऊ सुट्टीवर आला तेव्हा दसरा जवळ होता. त्याला मागे बसवून मी कवठ्याला नेलं. काका तोवर गेले होते, मामाही. पहिला औट फुटला तेव्हा त्यानं माझा खांदा धरला आणि पालखी वळेपर्यंत सोडला नाही. मग त्याच्यातला गुंजा मोजणारा जागा झाला. दारूनं काळे झालेले हात धोतराला पुसत बसलेले एक आजोबा गाठून त्यानं विचारलं, "आजोबा, एका औटात किती ग्रेन घालता?"

"काय किती?"

"म्हणजे वजन. तोलता कसं?"

आजोबांनी आपला तळवा त्याच्यापुढे धरला आणि दोनदा वरखाली केला. "ह्यो काटा."

"आणि खर्च? वर्षाचा?"

"खर्चाचं काय काढलंसा, पाव्हणं," आजोबा म्हणाले. "घरातल्यास्नी कळंल." दोघं एकमेकांकडे बघून इतके खळखळून हसले, की इंडियानातल्या फ्रिजवरचा तो कागद मला इथून दिसला.

मध्यरात्र उलटल्यावर परत निघालो. आतेभाऊ म्हणाला, किक मी मारतो. धुरानं डोळे चुरचुरत होते, अँपिअरचा काटा दिसत नव्हता. त्यानं बापाच्याच सावकाशीनं कॉक उघडला, बटण दाबलं, खटका ओढला. बघता बघता भोवती माणसं जमली. एक म्हणाला पेट्रोल चढलंय, एक म्हणाला प्लग पुसा, एक म्हणाला आधी काटा मधी आणा. आजोबा काठी टेकत आले आणि काही न बोलता उभे राहिले. आतेभावानं श्वास घेतला आणि अंगाचा भार टाकला. इंजिन खोकलं, थांबलं, आणि सायलेन्सरमधून एकच मोठा फट्ट आवाज निघाला, मागे धुराचा पुंजका. रात्रभर औट ऐकलेली ती सगळी गर्दी एका सेकंदासाठी गप्प झाली आणि आजोबांच्या तोंडाकडे बघू लागली.

आजोबांनी नाक वर करून वास घेतला. "भरलाय झ्याक," ते म्हणाले. "पर वल्ला निघाला."